स्थलांतरितांची माता : संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी



२२ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांचा स्मृतिदिन. नाताळच्या तयारीत, गोठा आणि फराळ यांच्या गडबडीत हा दिवस येतो आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना निघून जातो. परमगुरू बारावे पायस यांनी १९५० साली या संत स्त्रीला स्थलांतरितांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आपल्या धर्मग्रामातली किती तरी मुले आज आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत आणि आणखी किती तरी जाण्याच्या तयारीत आहेत. म्हणून या अंकात आम्ही त्यांचे चरित्र देत आहोत.

परदेशी जाणाऱ्याला आज एक पायरी चुकत नाही. ती म्हणजे मेडिकल. पासपोर्ट झाला, नोकरीचे पत्र आले, पैशांची जमवाजमव झाली, तरी छातीचा एक्स-रे आणि रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत घराचा जीव टांगणीला लागलेला असतो. मदर कॅब्रिनी यांचे आयुष्य आम्हांला या पायरीशी जोडलेले दिसते. शरीर दुबळे म्हणून त्यांना स्वतःला नकार मिळाला होता. आणि पुढे ज्या लोकांची त्यांनी सेवा केली, त्यांनाही परक्या देशाच्या दारात आपले शरीर तपासून घ्यावे लागत होते.

अशक्त बालपण

त्यांचा जन्म १५ जुलै १८५० रोजी उत्तर इटलीतील लोम्बार्डी प्रांतात सांत आंजेलो लोदिजानो या गावी झाला. वडील आगोस्तिनो शेतकरी होते. आईचे नाव स्तेल्ला. बाळ दिवस भरण्याच्या दोन महिने आधी जन्माला आले. ते जगेल की नाही याची शाश्वती नसल्याने त्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा उरकण्यात आला. मुलीचे नाव ठेवले फ्रांचेस्का. मुलगी जगली, पण प्रकृती कायम नाजूकच राहिली.

संध्याकाळी वडील घरच्यांना मिशनऱ्यांच्या कथा वाचून दाखवत. चीनमधल्या मिशनरी कार्याची वर्णने ऐकून या मुलीच्या मनाने तिकडेच ओढ घेतली. सुट्टीत ती लिव्रागा या गावी आपल्या धर्मगुरू मामाकडे जाई. तिथल्या ओढ्यात ती कागदाच्या होड्या सोडी, त्यांत रानफुले ठेवी आणि त्या फुलांना मिशनरी म्हणून चीनला पाठवी. एके दिवशी खेळता खेळता ती पाण्यात पडली आणि बुडता बुडता वाचली. तेव्हापासून पाण्याची जी भीती बसली ती जन्मभर गेली नाही. हीच मुलगी पुढे २०हून अधिक वेळा महासागर ओलांडणार होती.

दारातून परत

१८६८ साली फ्रांचेस्का शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली. १८७० साली आईवडील दोघेही देवाघरी गेले. १८७२ साली गावात देवीची साथ आली. रुग्णांची सेवा करता करता तिला स्वतःलाच देवी आल्या. त्यातून ती बरी झाली, पण आधीच अशक्त असलेले शरीर आणखी खचले.

जिथे तिचे शिक्षण झाले होते त्या धर्मभगिनींच्या संघात प्रवेश मिळावा म्हणून तिने अर्ज केला. उत्तर नकाराचे आले. कारण एकच होते, प्रकृती. मठातले कष्टाचे जीवन हिला झेपणार नाही असे तिथल्या वरिष्ठांचे मत पडले. दुसऱ्या एका संघाकडूनही असाच नकार आला.

इथे आपण जरा थांबून विचार करावा. नकार देणाऱ्या त्या भगिनी दुष्ट नव्हत्या. संघात येणारी मुलगी आजारी पडली तर तिची काळजी कोण घेणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि तो खराही होता. पण त्यांनी जे पाहिले ते फ्रांचेस्काचे शरीर होते. तिचे पाचारण त्यांना दिसले नाही.

१८७४ साली कोदोन्यो या गावातील एका विस्कळीत झालेल्या अनाथाश्रमात तिला मदतीसाठी पाठवण्यात आले. तिथे सहा वर्षे तिने अपमान आणि मनस्ताप सोसला. १८७७ साली तिने व्रते घेतली आणि आपल्या नावाला झेवियर हे नाव जोडले. हे नाव आपल्या ओळखीचे आहे. ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात बॉम जेजू बॅसिलिकेत आहेत, तेच हे संत फ्रान्सिस झेवियर. चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असतानाच, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ते आजारी पडून मरण पावले. पूर्वेच्या या प्रेषिताप्रमाणे आपणही चीनला जावे अशी तिची मनीषा होती.

१८८० साली तो अनाथाश्रम बंद झाला तेव्हा तेथील बिशपांनी तिला स्वतःचाच मिशनरी संघ काढण्यास सुचवले. १४ नोव्हेंबर १८८० रोजी सात सोबतिणींसह येशूच्या अतिपवित्र हृदयाच्या मिशनरी भगिनींचा संघ सुरू झाला. जिला कुठलाही मठ घेत नव्हता, तीच आता संघाची माता झाली होती.

पूर्वेऐवजी पश्चिमेला

त्या काळी इटलीत दारिद्र्याने कहर केला होता. दर वर्षी हजारो शेतकरी आणि मजूर बायकामुलांसह अमेरिकेला निघत होते. पिआचेन्झाचे बिशप स्कालाब्रिनी यांना या लोकांची फार चिंता होती. त्यांनी मदर कॅब्रिनींना न्यू यॉर्कला जाण्याचा आग्रह केला. मदरच्या मनात मात्र चीनच होता. शेवटी हा प्रश्न परमगुरू तेरावे लिओ यांच्यापुढे गेला. त्यांनी मदरना पूर्वेला न जाता पश्चिमेला जाण्यास सांगितले. लहानपणापासून जपलेले स्वप्न बाजूला ठेवून मदरनी आज्ञा पाळली.

३१ मार्च १८८९ रोजी सहा भगिनींसह त्या न्यू यॉर्कला उतरल्या. तिथे त्यांच्यासाठी घर तयार नव्हते. ज्या अनाथाश्रमासाठी त्यांना बोलावले होते त्याची योजनाच अडकून पडली होती. आर्चबिशप कॉरिगन यांनी त्यांना इटलीला परत जाण्याचा सल्ला दिला. पुन्हा एकदा नकारच पदरी पडला. मदर नम्र होत्या, पण माघार घेणाऱ्या नव्हत्या. परमगुरूंनी आपल्याला पाठवले आहे, तेव्हा आपण इथेच राहणार, असे त्यांनी सांगितले आणि त्या राहिल्या. काही आठवड्यांतच अनाथ मुलींसाठी घर सुरू झाले.

खडूची खूण

ज्या लोकांसाठी मदर आल्या होत्या त्यांना अमेरिकेच्या दारात कशातून जावे लागे, हे समजून घेतले पाहिजे. १८९१ साली अमेरिकेने कायदा केला, की घातक संसर्गजन्य रोग असलेल्याला देशात घ्यायचे नाही. अशा माणसाला ज्या जहाजाने आणले त्याच कंपनीने त्याला स्वखर्चाने परत न्यायचे. १९०३ च्या कायद्याने, निघतानाच ओळखता आला असता असा रोगी आणला तर कंपनीला माणशी १०० डॉलर दंड ठरवला. साहजिकच जहाज कंपन्या निघण्याच्या बंदरातही प्रवाशांची तपासणी करू लागल्या. आज व्हिसापूर्वी आपल्याच देशात जी मेडिकल होते, तिची मुळे अशा व्यवस्थेत आहेत.

१ जानेवारी १८९२ रोजी न्यू यॉर्क बंदरातील एलिस बेटावर तपासणी केंद्र सुरू झाले. १९५४ साली ते बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख लोक तिथून अमेरिकेत गेले. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना जहाजावरच वरवर तपासत. जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने बसून आलेल्या गरिबांना मात्र बेटावर उतरवत. सामान घेऊन जिना चढताना कुणाला दम लागतो, कोण लंगडतो, हे डॉक्टर न्याहाळत. माणशी काही सेकंदच मिळत. संशय आला की अंगावरच्या कपड्यावर खडूने एक अक्षर लिहीत. हृदयासाठी एच, लंगडेपणासाठी एल, डोळ्यांसाठी ई आणि मानसिक आजाराच्या संशयासाठी एक्स.

सर्वांत जास्त धास्ती असे ती डोळ्यांच्या तपासणीची. खुपरी, म्हणजे डॉक्टर जिला ट्रॅकोमा म्हणतात, ती शोधण्यासाठी पापणी उलटी करून पाहत. त्यासाठी बोटे वापरत, किंवा बुटांची बटणे लावायचा आकडा. त्या काळी खुपरीवर खात्रीचे औषध नव्हते आणि तिने आंधळेपण येई. म्हणून खुपरी सापडली की बहुधा परतीचा रस्ता.

खडूची खूण म्हणजे लगेच नकार नव्हे. तिचा अर्थ, आणखी तपासणी हवी. १९०२ सालापासून बेटावर इस्पितळही होते. तिथे बरे होऊन कित्येक जण देशात गेले. शेवटी परत पाठवलेल्यांचे प्रमाण साधारण शंभरात दोन एवढेच होते. पण ज्याच्या घरचे माणूस त्या दोघांत असे, त्याला त्या शेकड्याचे काय समाधान? लहान मूल नाकारले गेले तर आई किंवा वडील यांपैकी एकाला त्याच्यासोबत परत जावे लागे. एकाच बाकावर बसून आलेले कुटुंब तिथे दोन दिशांना जाई.

कोलंबस हॉस्पिटल

तपासणीतून पार पडले म्हणजे सारे मिळाले असेही नव्हते. कोंदट खोल्यांत एकेका घरात अनेक कुटुंबे राहत. क्षय पसरे. कारखान्यांत, खाणींत, रेल्वेच्या कामावर अपघात होत. इस्पितळात गेले तर भाषा येत नसे. कुठे दुखते हे सांगता येत नसे आणि डॉक्टर काय सांगतात हे कळत नसे. शिवाय १८९१ च्या कायद्यात अशी तरतूद होती, की येण्याआधीपासूनच्या कारणामुळे जो वर्षभरात सार्वजनिक मदतीवर अवलंबून होईल, त्याला परत पाठवता येईल. आजारी परदेशस्थाला त्यामुळे आजाराइतकीच दुसऱ्याच्या दारी जाण्याचीही भीती वाटत असावी.

मदरना सुरुवातीला इस्पितळाचे काम नको होते. आपला संघ शिक्षणासाठी आणि अनाथांसाठी आहे असे त्या मानत. चरित्रकार सांगतात, की त्यांना एक स्वप्न पडले. पवित्र मरिया बाह्या सावरून रुग्णांची सेवा करीत होती आणि जे काम मदर टाळत होत्या ते ती स्वतः करीत असल्याचे तिने मदरना सांगितले. त्यानंतर मदरचा निश्चय झाला. न्यू यॉर्कमधील इटालियन लोकांसाठी असलेले एक इस्पितळ कर्जात बुडून मोडकळीला आले होते. १८९२ साली मदरनी भाड्याच्या घरात, मोजके रुग्ण आणि थोडेसे पैसे घेऊन नव्याने सुरुवात केली. त्या वर्षी कोलंबसाच्या अमेरिकेतील आगमनाला ४०० वर्षे होत होती. इटालियन लोकांना अभिमान वाटावा आणि इतरांनाही परके वाटू नये म्हणून नाव ठेवले कोलंबस हॉस्पिटल. रुग्णाला आपल्या भाषेत आपले दुखणे सांगता येईल अशी ती जागा होती.

१९०५ साली शिकागोतही एका हॉटेलची इमारत घेऊन कोलंबस हॉस्पिटल सुरू झाले. व्यवहारात जागा कमी मोजून दिली जात आहे अशी शंका येताच, मदरच्या सांगण्यावरून भगिनींनी भल्या पहाटे दोऱ्या घेऊन ती जागा स्वतः मोजून काढली. संत म्हणजे भोळसट नव्हे, हे यातून दिसते. न्यू ऑर्लिन्स, डेन्व्हर, सिअ‍ॅटल, तसेच निकाराग्वा, अर्जेंटिना, ब्राझील अशा ठिकाणी शाळा, अनाथाश्रम आणि इस्पितळे उभी राहिली. कोलोरॅडोत भगिनी इटालियन मजुरांना भेटण्यासाठी खाणींत उतरत. एकूण ६७ संस्था या अशक्त बाईच्या हातून घडल्या. १९०९ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

शेवटची वर्षे

एवढे सारे करताना शरीर कधीच साथ देत नव्हते. अखेरच्या वर्षांत मलेरियाने त्यांना पोखरले. २२ डिसेंबर १९१७ रोजी, शिकागोत आपणच उभारलेल्या इस्पितळात, वयाच्या ६७व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. मुलांसाठी नाताळच्या खाऊची तयारी त्या करीत होत्या.

१९२१ साली न्यू यॉर्कच्या कोलंबस हॉस्पिटलमध्ये एका नवजात बाळाच्या डोळ्यांत चुकून फार तीव्र औषध पडले. दृष्टी वाचण्याची आशा नव्हती. भगिनींनी मदर कॅब्रिनींच्या मध्यस्थीने रात्रभर प्रार्थना केली आणि बाळाचे डोळे वाचले. त्यांच्या धन्यघोषणेसाठी हा चमत्कार मान्य झाला. १९३८ साली त्यांना धन्य आणि ७ जुलै १९४६ रोजी संत घोषित करण्यात आले. संतपद मिळालेल्या त्या अमेरिकेच्या पहिल्या नागरिक होत.

आपल्यासाठी बोध

आपल्या लोकांचे आरोग्य सांभाळण्यासाठी देशाने तपासणी करावी, यात अन्याय नाही. समृद्ध देशांनी गरजूंना शक्य तितके सामावून घ्यावे आणि शासनाने त्यासाठी रास्त अटी घालाव्यात, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणून मेडिकलला सामोरे जाताना खरेपणा सोडू नये. पूर्वी क्षय झाला असेल तर तो लपवू नये. औषधोपचार पूर्ण केल्याचे कागद, जुने एक्स-रे जपून ठेवावेत. तपासणी त्या त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरकडेच होते, घरच्या डॉक्टरांचा दाखला तिथे चालत नाही. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीची तपासणी मागतात आणि तिचा अंतिम रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. त्या काळात धीर सोडू नये. आखाती देशांचे नियम अधिक कडक आहेत, तिथे जुना डागही अडचणीचा ठरू शकतो. भगिनी गरोदर असेल तर एक्स-रेपूर्वीच तसे सांगावे. पैसे घेऊन रिपोर्ट बदलून देतो म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नये. खोटी माहिती उघड झाली तर अर्ज तर जातोच, शिवाय पुढची काही वर्षे दारही बंद होऊ शकते. आणि तपासणीत आजार सापडलाच तर व्हिसाचे दुःख बाजूला ठेवून आधी औषध सुरू करावे. क्षयाचे उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

पण आम्हांला खरी चिंता वाटते ती रिपोर्टनंतरच्या दिवसांची. एखादा तरुण मेडिकलमध्ये फेल झाला, हे मिस्सानंतर चर्चच्या आवारात कानोकानी होते. काय निघाले, याची चर्चा रंगते. मग तो तरुण रविवारी यायचा बंद होतो. आलेले स्थळ परत जाते. त्याहून वाईट घडते ते घराच्या आत. काही देशांच्या नियमांमुळे कुटुंबातील एकाच्या आजारपणावरून साऱ्यांचा अर्ज अडू शकतो. मग कधी मतिमंद मुलाच्या, कधी मूत्रपिंडाच्या आजाराने त्रासलेल्या मुलीच्या देखत मोठी माणसे बोलून जातात, की याच्यामुळे आपले राहिले. मूल ते ऐकते. त्याच्या अंगरख्यावर ती खडूची खूण आपल्याच माणसांनी केलेली असते आणि ती पुसणे फार कठीण असते.

मठाच्या दारातून परत आलेल्या फ्रांचेस्काला जर कुणी सांगितले असते, की तू कुणाच्याच उपयोगाची नाहीस, आणि तिने ते खरे मानले असते, तर किती रुग्ण आणि किती अनाथ वाऱ्यावर राहिले असते! डॉक्टरचा शिक्का हा शरीराविषयी असतो. देवाने त्या माणसाला कशासाठी बोलावले आहे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

या नाताळात आपण एक करू या. आपल्या वाडीत, आपल्या गल्लीत ज्याचा अर्ज आजारपणामुळे अडला असेल, त्याच्या घरी फराळाचे ताट घेऊन जाऊ या. कारण विचारायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसते सोबत बसायचे. आणि घरात आजारी मूल असेल तर त्याच्याकडून ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात बाळ येशू ठेवून घेऊ या.

जे परदेशी गेले आहेत, जे जाऊ इच्छितात आणि ज्यांना जाता आले नाही, त्या सर्वांना आपण या संत मातेच्या हाती सोपवू या.

संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी, आम्हांसाठी विनंती कर.